कृपा डोळे मिटत नाही

सतीश,

लोक अजून येतात. रविवारी उपासना संपली की चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघी बायका मिळून येतात, चहा घेतात आणि जाताना दारात थांबून म्हणतात, "प्रार्थनेचा माणूस होता गं तुझा नवरा." मी मान हलवते. दार लावलं की मला हसू येतं, आणि हसल्याबद्दल लगेच रडू येतं. तू आणि प्रार्थनेचा माणूस? सगळ्या संसारात तू मोठ्याने प्रार्थना किती वेळा केलीस ते या बायकांना कळलं असतं, तर त्यांनी चहासुद्धा घेतला नसता.

लग्नानंतर अण्णा पहिल्यांदा आपल्या अंबरनाथच्या भाड्याच्या खोलीत आले, तो दिवस मला सारखा आठवतो. माझे वडील आयुष्यभर गावोगाव प्रचारक म्हणून फिरलेले. एसटी स्टँडवर, कुणाच्या ओसरीवर, कुठेही उभे राहिले तरी त्यांची प्रार्थना अर्धा तास चालायची. माझं नाव त्यांनी सुवार्ता ठेवलं आणि मला नीट बोलता येण्याआधीच मंडळीपुढे प्रार्थनेला उभं केलं. त्या दिवशी ताटं वाढली आणि अण्णा म्हणाले, "जावईबापू, आज घरच्या कर्त्याने प्रार्थना करावी."

तू उभा राहिलास. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं तर तुझ्या कपाळावर घाम. शेवटी तू म्हणालास, "प्रभू, आम्ही सगळे बसलोय. आमेन." आणि खाली बसलास.

भाकरी मोडताना अण्णांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर मी तुला धरलंच.

"एवढंच? बसलोय?"

"बसलो होतो की."

"सतीश, मी चेष्टा करत नाहीये."

"तुझे वडील समोर. माझी वाचाच बसली."

"आणि ते नसतात तेव्हा?"

"तेव्हा तू असतेस," तू म्हणालास आणि टिफिन घेऊन आनंदनगरला कामावर निघून गेलास. आपला वाद तिथून सुरू झाला. तो कधी संपलाच नाही.

कृपा झाली, मग योएल झाला, आपण सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. मी ठरवून टाकलं होतं की माझ्या घरात संध्याकाळची प्रार्थना चुकणार नाही. उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानातून मी परत आले की हातपाय धुवायचे, टीव्ही बंद, सतरंजी पसरायची. एक गाणं, एक वचन पाठ, मग प्रत्येकाने पाळीपाळीने प्रार्थना. वचन न अडखळता म्हटलं की चॉकलेट. कृपा चार वर्षांची असताना असं घडाघडा म्हणायची की मला अण्णांचीच आठवण यायची.

चॉकलेटवरून तू किती दिवस माझ्याशी वाद घातलास.

"लाच आहे ती," तू म्हणायचास.

"एबीसीडी म्हटली की तू टाळ्या वाजवतोस, ती लाच नाही?"

"एबीसीडी तिच्यावर प्रेम करत नाही, सुवार्ता."

त्यावर मी म्हणायचे, मग तू शिकव. आणि तू शिकवायचास, पण मला ते शिकवणं वाटायचंच नाही. तू कामावर निघताना हेल्मेट घालायच्या आधी मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचास. ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा कृपाने विचारलं, "पप्पा, तुम्ही मनात काय म्हणता?" तू म्हणालास, "तुझं नाव घेतो. मग योएलचं." ती म्हणाली, "बस? मम्मी तर खूप मागते." तू म्हणालास, "मम्मी मागते ना, मग मी कशाला परत मागू."

शेजारच्या म्हात्रे काकूंकडे गणपती बसायचे तेव्हाही आपलं वाजायचंच. ते इथले मूळचे, बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. काकू दारात येऊन म्हणायच्या, "काय गो सुवार्ता, पोरांना धाड ना जेवाला." मी दहा कारणं शोधायचे. मुलं लहान आहेत, त्यांना काय आपलं आणि काय दुसऱ्याचं ते कळणार नाही, असं मला मनापासून वाटायचं, आणि यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. तू सरळ मुलांना चपला घालायला सांगायचास. "जाऊ दे. जेवून येतील." जाताना तू कृपाला काय सांगितलंस ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. तू म्हणाला होतास, "त्यांच्या घरी त्यांचा देव आहे. आपण त्यांच्या घरी पाहुणे. पाहुण्याने नीट वागायचं. आणि घरी येऊन आपण आपल्या देवाला सांगायचं की काकूंनी किती छान जेवू घातलं." त्या संध्याकाळी सतरंजीवर कृपाने प्रभू येशूला मोदकांची चव सविस्तर सांगितली. मी डोळे मिटून ओठ आवळून बसले होते. तू माझ्याकडे बघत असणार, मला माहीत होतं.

हे सगळं भांडण सुखाचं होतं, सतीश. आता कळतंय.

मग तुझं पोट दुखायला लागलं, कावीळ झाली, आणि कावीळ नुसती कावीळ नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी इथे तपासण्या आणि ऑपरेशन आणि ते सगळं लिहीत बसणार नाही. तू तेव्हाही त्याबद्दल बोलायचा नाहीस. घरी मंडळी येऊ लागली. तुझ्याभोवती हात धरून उभी राहायची, मोठमोठ्याने प्रार्थना करायची, आणि तू मध्ये लुंगी नेसून अवघडून बसलेला असायचास, शाळेत पालकांच्या मीटिंगला बसायचास तसा.

एक दिवस त्यातल्याच एका मावशींनी कृपाला जवळ घेतलं. मनाने चांगली बाई, तुझ्यासाठी उपास करत होती. ती म्हणाली, "लहान मुलांची प्रार्थना देव लगेच ऐकतो, बाळ. तू विश्वासाने माग. अजिबात शंका नको आणायची. बघ पप्पा कसे उठून बसतात."

कृपाने ते धरून ठेवलं. तिने आइस्क्रीम सोडलं. मग कार्टून सोडलं. मग शाळेतून आली की दप्तर न काढता बाथरूमचं दार लावून आत गुडघे टेकायला लागली. मी बाहेरून ऐकायचे. अण्णांसारखी घडाघडा नाही, तुझ्यासारखी गप्पही नाही, नुसतं एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मला तेव्हा काय वाटलं ते तुला सांगायला हवं होतं. मला अभिमान वाटला. माझ्या मुलीचा विश्वास डोंगराएवढा आहे असं वाटलं.

तुला वेगळं दिसलं. तू मला गॅलरीत बोलावलंस. समोरच्या प्लॉटवर कॉलम भरायचं काम चालू होतं, मिक्सरचा आवाज येत होता, म्हणून तुला जोर लावून बोलावं लागत होतं आणि तुझ्यात तेवढा जोर नव्हता.

"तिला थांबव."

"प्रार्थना करायची थांबवू?"

"प्रार्थना करू दे. पण तिच्या डोक्यावर मला ठेवू नका."

"म्हणजे काय?"

"मी गेलो तर तिला वाटेल, तिचा विश्वास कमी पडला. आयुष्यभर वाटेल."

"तू जाणार नाहीयेस."

"सुवार्ता."

"नाही, ऐक. आपणच असं बोललो तर मुलांनी काय करायचं? मागायचंच नाही? मागा म्हणून त्यानेच सांगितलंय."

"माग म्हण ना. पण अट घालू नको. ती आठ वर्षांची आहे. तिला वाटतंय मी तिच्या हातात आहे."

मी म्हणाले की हे सगळं तू आधीच हार मानलीस म्हणून बोलतोयस. तू म्हणालास, "असेल." आणि भिंतीला हात लावत आत गेलास. त्यानंतर दोन दिवस आपण कामापुरतंच बोललो. औषध घेतलंस का. हो. इतकंच.

रविवारी दुपारी तू स्वतःच मुलांना पलंगावर बोलावलंस. मी मोसंबी सोलत होते, ती तशीच हातात घेऊन दाराशी उभी राहिले. आत यावं की नाही ते कळेना. तू म्हणालास, "डॉक्टर म्हणतात, मी बहुतेक बरा होणार नाही."

योएलने माझ्याकडे पाहिलं. कृपाने नाही पाहिलं. ती म्हणाली, "मी अजून प्रार्थना करतेय, पप्पा. मी थांबले नाहीये."

"मला माहितीये. मला ऐकू येतं. आवडतं मला."

"मग?"

"मग एक गोष्ट ऐक. मी बरा झालो तर ते तुझ्यामुळे नाही. नाही झालो तरी तुझ्यामुळे नाही. ते तुझं काम नाही, कृपा. इतकं मोठं काम मी तुला देणार नाही. देवही देणार नाही."

"मावशी म्हणाल्या—"

"मावशींना मी बरा व्हायला हवा आहे. मलाही हवंय. म्हणून त्या बोलल्या."

ती चादरीचा धागा ओढत राहिली. मग विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

मी दाराशी होते. तुझ्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं. कुणीही आई-वडील नाहीच म्हणतील. तू म्हणालास, "वाटते."

"मग देव?"

"आहे ना. भीती वाटली की मी त्यालाच सांगतो. दुसरं कोणाला सांगू? मम्मीला सांगितलं तर ती रडते."

योएल एवढा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला होता. तो म्हणाला, "पप्पा, आप येशूके पास जाओगे तो वापस कब येणार?" शाळेच्या व्हॅनमध्ये शिकलेली त्याची ती खिचडी भाषा. तू हसलास आणि हसताना पोट धरलंस. "मी नाही येणार, राजा. तू येशील तिकडे. पण घाई करायची नाही. म्हातारा होऊन यायचं."

मला तेव्हा तुझा राग आला होता. माझ्या लेकरांच्या हातातून तू आशा काढून घेतलीस असं वाटलं. हा वाद पुढे करायला आपल्याला वेळ मिळाला नाही. तुझं बोलणं कमी होत गेलं. शेवटच्या दिवसांत तू मला म्हणायचास, "तू बोल, मी ऐकतो." मग मी प्रार्थनेला सुरुवात करायचे, आकाश आणि पृथ्वीपासून. आणि तू अर्ध्यातच घोरायला लागायचास. एकदा मी रागावून हाक मारली तर डोळे न उघडता म्हणालास, "ऐकतोय. त्याच्यासाठी बोलतेयस ना? तो जागा आहे."

आणि एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. तुझी ती दोन-चार शब्दांची प्रार्थना झाली ना, की मला बरं वाटायचं. माझ्या लांबलचक प्रार्थनेनंतर कधी तसं वाटलं नाही. मी कबूल केलं असतं तर तू जिंकला असतास, म्हणून गप्प राहिले.

तू गेल्यावर मी संध्याकाळची सतरंजी चुकवली नाही. तुझ्या दफनाच्या दिवशीही नाही. अण्णा होते, ते म्हणाले, "मुलांची सवय मोडू देऊ नको, बेटा, यातूनच ती सावरतील." योएल सावरला असं म्हणायला हरकत नाही. तो रोज प्रार्थना करतो, "प्रभू येशू, पप्पांना आज काय जेवण दिलं ते सांग," आणि थोडा वेळ कान देऊन थांबतो. मग पुढे जातो.

कृपा येऊन बसते. मांडी घालते. पण डोळे मिटत नाही. तिची पाळी आली की शांतता. मी थोडं थांबून तिच्यासाठी म्हणून टाकते आणि आमेन करते. संडे स्कूलच्या टीचरचा फोन आला, गातही नाही म्हणे. अण्णा फोनवर म्हणाले, "प्रेमाने सांग, पण सांग." मी प्रेमाने सांगितलं. चॉकलेटही आणलं, खोटं कशाला बोलू. तिने ते योएलला देऊन टाकलं.

एका संध्याकाळी मीच दमले होते. दुकानात लग्नसराईची गर्दी, रिक्षा मिळेना, घरी आल्यावर पाणी गेलेलं. सतरंजीवर बसलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कृपा, निदान डोळे तरी मीट."

ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, मी त्याच्याशी बोलत नाहीये."

सतीश, माझ्याकडे याची पाच उत्तरं तयार होती. मी प्रचारकाची मुलगी आहे, माझं बालपण अशा उत्तरांतच गेलं. ती सगळी जिभेवर आली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून एकही बोलवेना. ती रुसली नव्हती. एखादी मोठी बाई कुणाशी संबंध तोडते आणि त्याचा गाजावाजा करत नाही, तसा चेहरा होता तो.

मी विचारलं, "त्याला माहितीये?"

"काय?"

"की तू बोलत नाहीस."

तिने खांदे उडवले.

"मग सांग त्याला. असं न सांगता बोलणं सोडायचं नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरंच म्हणतेय की फसवतेय ते जोखत होती. मग तिने मान वर केली, डोळे उघडेच, ट्यूबलाइटकडे बघत म्हणाली, "मी तुझ्याशी बोलत नाही. मी आइस्क्रीम पण सोडलं होतं. तू काहीच केलं नाहीस. पप्पा म्हणाले माझ्यामुळे नाही. मग कोणामुळे? तू सांग." मग तिचा आवाज फुटला आणि पुढचं सगळं रडण्यात गेलं. ती तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा अशी रडली. मी तिला मांडीवर घेतलं, आता ती मांडीत मावत नाही तरी. योएल घाबरून आमच्याकडे बघत होता. त्याने हळूच विचारलं, "मम्मी, देवाला ऐसा बोललं तर चलता है?"

मी म्हणाले, "चालतं."

अण्णांना हे मी सांगितलेलं नाही. मंडळीत तर नाहीच. पण तुला सांगते, त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की तू तिला ते सांगून ठेवलं नसतंस तर तिने हा प्रश्न देवाला विचारलाच नसता. स्वतःलाच विचारला असता, आणि मला कधी कळलंही नसतं. तुझं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. मागायला हवंच होतं, भरभरून, शेवटपर्यंत, आणि तिने मागितलं याचा मला आजही अभिमान आहे. पण तू तिच्या डोक्यावरून जे उतरवलंस ते मला उतरवता आलं नसतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

त्यानंतर एकदम काही बदललं नाही. कृपा यायची, बसायची, डोळे उघडे, गप्प. मीही तिच्या वतीने बोलणं सोडलं. तिची पाळी आली की आम्ही तिघं थोडा वेळ नुसतं बसतो. योएल चुळबुळ करतो. मला ती शांतता आता सहन होते.

मागच्या आठवड्यात म्हात्रे काकूंच्या नातवाला, साईराजला, डेंगी झाला. कृपाच्याच वर्गातला, रोज एकाच व्हॅनने जातात. प्लेटलेट उतरल्या म्हणून त्याला ॲडमिट केलं. काकू जिन्यात बसून होत्या. मी चहा नेला तर म्हणाल्या, "तुमच्या देवाला पन सांग गो माझ्या पोरासाठी." मी हो म्हणाले. कृपा माझ्या मागेच उभी होती, तिने ऐकलं.

संध्याकाळी सतरंजीवर बसलो. गाणं झालं. तिची पाळी आली आणि आम्ही गप्प बसलो, नेहमीसारखं. मग ती म्हणाली, "मम्मी, साईराजसाठी तू कर."

"करते."

"नीट कर. त्याला सुईची खूप भीती वाटते ते सांग. आणि त्याची आई कालपासून जेवली नाहीये. ते पण सांग."

मी डोळे मिटले. सुरुवात करताना अण्णांची सगळी विशेषणं ओठांवर आली, ती मी गिळली. सुईचं सांगितलं. आईच्या जेवणाचं सांगितलं. "त्याच्या बेडजवळची लाइट बंद करत नाहीत, त्याला झोप येत नाही," बाजूने कृपाची सूचना आली, तेही सांगितलं. योएलने ॲम्ब्युलन्सचं काहीतरी घुसवलं. साईराज परवा घरी आला, अशक्त आहे, पण खिडकीतून व्हॅनवाल्याला हाका मारतो. पण त्या संध्याकाळी आम्हाला पुढचं काही माहीत नव्हतं. माझं बोलणं संपलं आणि मी थांबले. डोळे मी उघडले नाहीत, त्यामुळे कृपाचे उघडे होते की मिटलेले ते मला सांगता येणार नाही.

माझ्याशिवाय आमेन म्हणणारे आवाज दोन होते, सतीश.